तीनशे वीस पावलं

"मग पोथी खोटी म्हणायची?" साळूबाईंनी विचारलं.

"खोटी असं नाही, बाई... पण अठरावं स्थान लिहिणाऱ्याच्या मनातलं आहे. जमिनीवर नाही."

साळूबाई गोदाकाठच्या त्या लहानशा आश्रमातल्या सर्वांत वृद्ध तपस्विनी. वय शहाऐंशी, नजर गेलेली. विचारणारे फार, त्या बोलायच्या थोडं.

समोर बसले होते सुधाकर टाकळीकर. जुन्या यात्रांवर आणि धर्मस्थळांवर पाच जाडजूड ग्रंथ त्यांच्या नावावर होते आणि पाचही त्यांना तोंडपाठ होते. सहावा ग्रंथ या आश्रमाच्या पंथाचे मूळपुरुष असलेल्या स्वामींच्या अठरा स्थानांवर. स्वामी जिथे जिथे बसले, तिथे दगडी ओटा आहे आणि लोक त्यावर माथा टेकतात. सतरा ओटे लोकांना ठाऊक होते. अठरावा फक्त आश्रमाच्या जुन्या पोथीत होता.

"काय लिहिलंय पोथीत?" बाईंनी विचारलं.

"आश्रमाच्या विहिरीपासून उगवतीकडे तीनशे वीस पावलं. पाऊल अडीच फुटांचं धरलं. सगळे अभ्यासक तेच धरतात. आठशे फूट भरतात. तिथे ओढ्याचं पात्र आहे, बाई. दोनदा खणून पाहिलं. वाळूशिवाय काही नाही."

"आणि तू तसं छापणार."

"सोमवारी छपाई सुरू होतेय. तसं वाक्य घातलंय मी."

...

आश्रमातल्या पिढ्यान् पिढ्या विहिरीच्या कठड्याशी उभ्या राहून पूर्वेला हात जोडत आल्या होत्या. नेमकं कुठे, हे कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनीही सत्तर वर्षं तेच केलं. एकदा तरी त्या ओट्यावर माथा टेकावा, एवढी एकच इच्छा त्यांची उरली होती. आता छापील ग्रंथ सांगणार होता की तिथे काहीच नाही.

"पोथी पुरी वाचलीस?"

"अक्षर अन् अक्षर."

"शेवटचं पान?"

टाकळीकर हसले. "ते पोथीत धरत नाहीत ना, बाई. तुमच्याकडेच अठराव्या स्थानाचं नाव घेतलं की पोथी बांधतात. पुढे लिहिणाऱ्याचं स्वतःचं रडगाणं असतं. मी ते वरवर चाळून त्याची नोंद 'किरकोळ' म्हणून केलीय."

हे मात्र खरं होतं. पारायण तिथेच थांबायचं. पुढचं पान स्वामींचं नव्हे, म्हणून त्याला कुणी आवाज दिला नव्हता. बाईंनीही ते कधी ऐकलं नव्हतं.

"वाच," बाई म्हणाल्या. "ज्यानं खोटं लिहिलं, तो कोण होता ते तरी कळू दे."

टाकळीकरांनी पोथी सोडली. पान काढलं. चष्मा पुसला.

"मी म्हातारी," त्यांनी वाचलं. "कंबर मोडली. काठीचेनि आधारें स्थानें चालिलें, पाउलें मोजिलीं. मागून येणारांनीं उणें अधिक क्षमा कीजे."

खाली नाव होतं, पण तिथे वाळवीनं भोक पाडलं होतं.

...

"बाई होती," टाकळीकर पुटपुटले.

साळूबाई काठी चाचपून उठल्या आणि कोपऱ्यातल्या रांजणाकडे पाणी प्यायला निघाल्या. कंबरेत पार वाकलेल्या. एक पाऊल, मग काठी, मग दुसरं पाऊल.

टाकळीकर मघाशी त्याच रांजणापर्यंत चार ढांगांत गेले होते. आता नकळत मोजू लागले. सात... आठ... नऊ... दहाव्या पावलाला बाईंचा हात रांजणाला लागला.

टाकळीकरांनी हिशेब मांडला: चार ढांगांची दहा पावलं, म्हणजे म्हातारीचं पाऊल फूटभरच. मग एकदम चेहरा उजळला. पिशवीतून मोजपट्टी काढून ते दाराकडे धावले.

"ती पट्टी ठेव इथं," बाई म्हणाल्या. "ही काठी ने."

"पण बाई, हिशेबानं..."

"तिनं चालून मोजलं होतं."

विहिरीच्या पूर्वेला रामकिसन ढगेची तूर कमरेएवढी उभी होती. रामकिसन बांधावर बसून भाकरी खात होता. त्यानं पाहिलं ते असं: एवढा मोठा ग्रंथकार, पायांत वहाण नाही, कंबरेत वाकून काठी टेकत येतोय, मोठ्यानं आकडे म्हणत.

"सरांच्या पाठीत उसण भरली का काय?" त्यानं हाक दिली.

टाकळीकरांनी मान वर केली नाही. मान वर केली की पाऊल लांब पडत होतं. शंभराला मांड्या भरून आल्या. दोनशेला घाम डोळ्यांत उतरला. बांधावर पाचदहा माणसं जमली, बायका पदराआड हसू लागल्या. तीनशेला कुणी हसेना.

"तीनशे अठरा... एकोणीस..."

काठी टेकली. मऊ माती. जरा डावीकडे टेकली.

खट्ट.

"अहो, तिथं नांगर अडतोय कायमचा," रामकिसन धावत येऊन म्हणाला. "माझ्या आज्यापासून आमी तिथून वळवूनच नेतो."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुमी वड्यात खणत होता. मला कुठं इचारलं?"

मग त्यानंच कुदळ आणली. "चार झाडं गेली तर गेली," म्हणत घाव घातला. चार बोटं खाली काळ्या घडीव दगडाचा कोपरा लागला. मग दुसरा. दुपार व्हायच्या आत आख्खा ओटा उघडा पडला, चारी कोपरे शाबूत. बायकांनी घागरी आणून तो धुतला. गाव शेतात लोटलं. म्हातारे रडत होते, एकमेकांना कडकडून भेटत होते. टाकळीकर आनंदानं वेडे व्हायचे बाकी होते.

"सापडलं!" दोन्ही हात उंच करून ते ओरडले. "अठरावं स्थान सापडलं! पोथी खरी आहे! एक पाऊल चुकलं नाही तिचं!"

लोकांनी स्वामींचा जयजयकार केला. टाकळीकर ओट्याशी छाती काढून उभे राहिले आणि शोध कसा लागला ते सांगू लागले.

इतक्यात दोघींनी धरून साळूबाईंना आणलं. माणसं बाजूला झाली. बाईंनी हातानं दगड चाचपला. एक कड, मग दुसरी. गुडघे टेकले, माथा टेकला.

कितीतरी वेळ त्या उठल्या नाहीत...

उठल्या तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा हसत होता. टाकळीकरांचा आवाज अजून चालूच होता, वरून कुठूनतरी येत होता. बाईंनी तिकडे तोंड वळवलं.

"सुधाकर," त्या म्हणाल्या, "इतक्यात ताठ झालास?"