लांब पट्टीची दोन टोकं

अगं थांब, जाऊ नकोस, आधी ऐक तरी काय झालं ते! आत्ता, अगदी आत्ता झालंय, आणि अजून मिटलेलं नाहीये.

त्या मुलखात सगळे एका पातळीत राहायचे. मुलूख म्हणजे अक्षरांच्या चौकोनी फरश्यांची वस्ती. वरून बोट यायचं, फरशी खाली जायची, परत वर यायची, आणि समोरच्या आभाळात तिचं अक्षर उमटायचं. प्रत्येकीच्या पोटाखाली एक पाय आणि पायाखाली एक स्प्रिंग. छोट्या जिवाला तेवढं पुरतं.

पण सगळ्यात खालच्या ओळीत एक लांबलचक पट्टी होती. तिच्यावर अक्षर नव्हतं, काहीच नव्हतं. दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडायची, एवढंच तिचं काम. आता एवढी लांब पट्टी मधल्या एकाच पायावर तोलणार कशी? म्हणून तिच्या दोन टोकांना दोघं उभे होते. उजवीकडे भिका, डावीकडे अनसू. आणि पट्टीच्या पोटाखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तारामावशी आडवी पडलेली. बारीकशी पोलादी तार, दोन्हीकडे काटकोनात वाकलेली. तिचा एक हात भिकाच्या मुठीत, दुसरा अनसूच्या.

अंगठा पडायचा तो कायम भिकावरच. भिका ओरडायचा, "आलो!" मावशी कुशीवर वळायची, त्याचा भार अनसूच्या टोकापर्यंत आणायची, आणि अनसू म्हणायची, "आलेच!" दोघं बरोबर खाली, दोघं बरोबर वर. थप्. पट्टी तसूभर कलायची नाही.

नव्याच्या दिवसांत काय मजा असायची! मावशीच्या सांध्यांना कुंचल्याने वंगण लागायचं, हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर लावतात ना, तसं हळूच. मग ती इतकी मऊ वळायची की आधी कोण खाली गेलं यावर दोघं भांडायचे.

"मी आधी पोचले, भिकादा!"

"अंगठा माझ्यावर पडला, अनसे, आणि पोचलीस तू? वा गं वा!"

पुढे कुंचला यायचा बंद झाला. वंगण सुकलं. मावशी वळली की खडखड व्हायची. सगळी वस्ती वैतागली. "म्हातारे, जरा हळू की!" असं शेजारच्या फरश्या तोंडावर म्हणायला लागल्या.

वरच्या डाव्या कोपऱ्यात सुटकेराव राहायचे. छोटी फरशी, एक पाय, एक स्प्रिंग, कुणाशी कसला बंध नाही. अडकलेल्याला बाहेर काढायचं हे त्यांचं काम, त्यामुळे त्यांना दिसेल तो अडकलेलाच वाटायचा.

"अनसूताई," ते एकदा म्हणाले, "खरं सांगा, अंगठा तुमच्यावर शेवटचा कधी पडला?"

"कधीच नाही."

"मग तुम्ही खाली का जाता?"

अनसूने स्वतःकडे बघितलं. अंगावरचा खरखरीतपणा पहिल्या दिवसासारखा. मग भिकाकडे बघितलं. तो कसा गुळगुळीत, आरशासारखा चकाकत होता! तिला वाटलं, लाड सगळे याचे, आणि दमायचं मात्र आपण. घासून घासून असं होतं, हे तिच्या मनातही आलं नाही. तिला कधी कुणी घासलंच नव्हतं ना.

"भिकादा, अंगठा तुला भेटायला येतो. मला कशाला ओढतोस मध्ये?"

"मी कुठे ओढतो? मला काय हौस आहे?"

"मग मावशी ओढते."

"पोरी, मी ओढत नाही गं," मावशी खडखडत म्हणाली. "याचं तुला कळवते, इतकंच."

"मग नको कळवूस," अनसू म्हणाली, आणि तिने मूठ उघडली.

अंगठा आला. "आलो!" भिका ओरडला. उत्तर नाही. खडखडही नाही. भिका खाली गेला आणि अनसू, काय सांगू तुला, अनसू वर गेली! आयुष्यात पहिल्यांदा पातळीच्या वर! सगळ्या फरश्यांची डोकी दिसली, त्यांच्यामधल्या गल्ल्या दिसल्या, आभाळ हाताशी आल्यासारखं झालं.

"अहो सुटकेराव, तुम्ही तर केवढुसे दिसता हो इथून!"

पण मधला पाय तिरका होऊन अडकला. त्याला धड खाली जाता येईना की वर येता येईना. अंगठा पुन्हा आला, पुन्हा भिकावरच, आता जोरात. आभाळात शब्द एकमेकांच्या अंगावर पडायला लागले: आईयेतेयगंथांबजराशी. कुणाला श्वास घ्यायला जागा नाही. फरश्या एकमेकींवर ओरडायला लागल्या. कुणीतरी सुटकेरावांना हाक मारली, तर ते म्हणाले, "मी सोडवतो. पुढचं मी बघत नाही."

आणि मग कण निघाले. वरून पडलेले चिवड्याचे कण, शेवेचे तुकडे, धूळ, हे पट्टीवर पूर्वीही पडायचंच. पण पट्टी सपाट होती तेव्हा जे जिथे पडलं ते तिथे राहायचं, जरा इकडे, जरा तिकडे. आता पट्टीला उतार आला होता. अनसूच्या पायाशी पडलेला कणही घरंगळत निघायचा तो थेट भिकाच्या अंगावर. तिने एकही ढकलला नव्हता. ती लखलखीत स्वच्छ राहिली आणि भिका गळ्यापर्यंत बुजला. त्याची ती चकाकी दिसेनाशी झाली.

वर आता ना ओढ होती ना दणका, शांत होतं. अनसूला हवी होती तश्शीच शांतता. पण त्या शांततेत ती सारखी कान देत होती. खडखड कुठे ऐकू येतेय का, म्हणून.

खाली तारामावशी पडून होती. तिचा एक हात अजून भिकाच्या मुठीत, दुसरा मोकळा, अनसूच्या दिशेने वर केलेला. पण तो हात एवढ्या उंचीवर पोचत नाही. अनसूनेच वाकायचं, तरच तो मुठीत येणार. आणि तिला खाली दाबायला तिच्यावर तर अंगठा कधी पडत नाही. म्हणजे आपल्या आपणच वाकायचं. आणि एकदा मूठ मिटली की भिकावरचा प्रत्येक दणका पुन्हा तिच्यापर्यंत येणार.

तेवढ्यात अंगठा पडला. खालून, चिवड्याच्या ढिगाखालून, सवयीने आवाज आला, "आलो..."

"आलेच!" अनसूच्या तोंडून निघून गेलं.

आत्ता म्हणालीय ती हे. अजून वरच आहे. वारा छान सुटलाय तिथे, आभाळ अगदी जवळ आहे, आणि तिच्या पायाशी एक शेव नुकतीच घरंगळायला लागलीय.

तू सांग ना, तू असतीस तिच्या जागी, तर काय केलं असतंस?