नागअळीचं पान

पानं वाचली जायची, त्या काळची गोष्ट. कागदी लिंबाच्या झाडावर एक नागअळी राहायची. पानाच्या आत कुरतडत चालायचं आणि मागे पांढरी नागमोडी रेघ सोडायची, ही नागअळ्यांची रीतच. हिची रेघ मात्र संपता संपेना. तिला कादंबरी लिहायची होती.

एकदाची ती लिहून झाली. पानं गावोगाव पोचवायचं काम वाऱ्याचं, म्हणून तिने त्याला हाक मारली. "वारेबुवा, माझं पान न्या ना!"

वाऱ्याने पान उलटंपालटं केलं. "हिरवं आहे गं अजून. पिकू दे, मग बघू."

नागअळी हिरमुसली. पानाची कड अंगावर ओढून झोपली. स्वप्नात तिला पंख फुटले. जागी झाली, तर ते खरेच होते.

इवलीशी पाकोळी होऊन भटकताना एकदा ती दूर ओढ्याकाठी एका पिवळ्या पानावर टेकली. तिचंच पान! रेघेवरून एक मुंगी वळणावळणाने चालली होती.

"हे मीच..." पाकोळी सांगणार, तोच मुंगी करवादली, "सरक गं बाई! पुढे काय होतं ते कळू दे की!"

पाकोळी पंख मिटून बाजूला झाली. मुंगी शेवटापर्यंत गेली, क्षणभर थांबली, आणि परत येऊन पहिल्यापासून चालू लागली.