भंगारात काय काढायचं?

शिरोलीच्या पंप कारखान्यातली सगळी यंत्रं ऋजुता खांबेटेने एकाच सॉफ्टवेअरला जोडली, तरी माल वेळेवर निघेना. मालक रणनवरेसाहेब भर बैठकीत तिच्यावर कडाडले, "काम अडतंय कुठे ते दाखवा, नाहीतर चालत्या व्हा! अडवणारं मशीन आजच भंगारात काढतो!"

ऋजुताने पडद्यावर कामाचा नकाशा उघडला. सगळे विभाग हिरवे होते. एकाच लाल चौकोनात साऱ्या ऑर्डरी खोळंबल्या होत्या. त्यावर लिहिलं होतं, 'साहेबांची मंजुरी'.

साहेब गुरगुरले, "मग? आता मला भंगारात काढणार?"

"छे छे, साहेब! तुमची फक्त बायपास करावी लागेल."

आता माल वेळेवर निघतो. साहेब मंजुरीचं बटण अजूनही रुबाबात दाबतात. ते कशालाच जोडलेलं नाही, एवढंच.