हात लावू नये

“मग या अकरा उंदरांना झालंय तरी काय?” सौमित्रने तिसऱ्यांदा विचारलं.

सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून मॅडम चाळीस मिनिटं तशाच बसल्या होत्या.

“मॅडम, मी तुम्हाला विचारतोय.”

“ऐकू येतंय मला.”

मी कोपऱ्यात काचपट्ट्या पुसत होतो. खरं तर त्या स्वच्छच होत्या. पण त्या दुपारी टेबलावर माझ्याविरुद्धचा एक कागद पडला होता, आणि तो तसाच सोडून चहाला जायची माझी तयारी नव्हती.

मी शिरसाट. सव्वीस वर्षं या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूचे काप काढतो, केसाहून पातळ. मॅडम म्हणजे डॉक्टर हेमलता रेगे. निवृत्त झाल्या तरी दर गुरुवारी येतात, आणि सौमित्र दाभाडकर हा त्यांचा शेवटचा विद्यार्थी. हुशार आहे. इतका हुशार की त्याच्याशी बोलायचा कंटाळा येतो.

चार वर्षं तो मायक्रोग्लियाच्या मागे आहे. या मेंदूतल्या राखणदार पेशी. रक्तातले शिपाई मेंदूत सहसा शिरत नाहीत, तिथली राखण या पेशीच करतात. सगळं ठीक असलं की बारीक फांद्या पसरून शेजारीपाजारी चाचपत राहतात. धोका वाटला की फांद्या आखडून घेतात, अंगाचा गोळा करतात, आणि मग समोर येईल ते खातात. कधी कधी चांगलंसुद्धा. आम्ही त्यांना चिडलेल्या पेशी म्हणतो.

सौमित्रचं म्हणणं साधं होतं. स्मृतिभ्रंश झालेल्या उंदरांत या पेशी चिडलेल्या सापडतील, निरोगी उंदरांत शांत.

आजारी उंदरांनी त्याचं ऐकलं. वीस निरोगी उंदरांपैकी नवांनीही ऐकलं. उरलेल्या अकरांच्या पेशी मात्र आजाऱ्यांपेक्षा जास्त चिडलेल्या निघाल्या.

म्हणून तो कागद. ‘अकरा नमुने बाद. कारण: काप काढताना बिघाड.’ खाली मॅडमच्या सहीची जागा. सही झाली की सोमवारी शोधनिबंध जाणार, आणि त्या निबंधावर बंगळुरूची नोकरी ठरणार.

“काप खराब आहेत,” सौमित्र म्हणाला. “दुसरं काय असणार?”

“त्याच सुरीने ते नऊ काढलेत मी,” मी म्हणालो. नाचता येईना अंगण वाकडं, हे मात्र तोंडातच ठेवलं.

“काका, तुमच्यावर राग नाहीये माझा.”

“कागदावर आहे.”

मॅडमनी मान वर केली.

“ते नऊ कधीचे?”

“दिवाळीआधीचे.”

“आणि अकरा?”

“दिवाळीनंतरचे. पण वाण तोच, खाणं तेच, पाणी तेच. दिवा लावायची-मालवायची वेळसुद्धा तीच. उलट दिवाळीनंतर मी जास्त काटेकोर झालो.”

“काटेकोर म्हणजे?”

“काटेकोर म्हणजे काटेकोर, मॅडम!” त्याचा आवाज चढला. “आता यात समजावून काय सांगू?”

...

“खाली उंदीर उरलेत का काही?” मॅडमनी विचारलं.

“दोन पिंजरे आहेत. एक आजारी, एक निरोगी.”

“दोन्ही वर आण.”

“आत्ता? मॅडम, नुसती सही करायचीय...”

“आण.”

तो पाय आपटत गेला. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला आणि मला राहवलं नाही.

“मॅडम, काप खरंच खराब आहेत का हो?”

“पट्ट्या पुसा, शिरसाट.”

सव्वीस वर्षांची नोकरी, आणि हे उत्तर. मी पुसत राहिलो. एक पट्टी हातातच मोडली.

सौमित्र दोन पिंजरे घेऊन आला आणि ते टेबलावर जरा जोरातच ठेवले. निरोगी पिंजऱ्यावर लाल शाईची चिठ्ठी चिकटवलेली होती. मॅडमनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं.

“कंट्रोल. हात लावू नये.”

...

“हे कोणी लिहिलं?”

“मी.” तो ताठ झाला. “मॅडम, तुम्हाला माहीत नाही खाली काय चालायचं. त्या हौसाबाई पिंजरे साफ करायला यायच्या आणि निरोगी उंदीर रोज हातावर घेऊन बसायच्या. पदरातले चणे भरवायच्या, गप्पा मारायच्या! म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट, आणि त्याचे हे लाड. मी तक्रार केली. दिवाळीत त्यांची बदली बागेत झाली.”

“आणि मग?”

“मग शिस्त आली. पिंजरा बदलायचा तेव्हा चिमट्याने शेपूट धरून उचलायचं, पलीकडे ठेवायचं. बस. बाकी कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही.”

“आणि आजाऱ्यांना?”

“त्यांचं रोज वजन असतं. तोंड, डोळे, पोट बघावं लागतं. ते मीच करतो. माझ्या हाताची सवय आहे त्यांना.”

हे बोलतानासुद्धा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. माझी चिडचिड शिगेला पोचली. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

मग त्यांनी हातमोजे चढवले. त्यांच्या बोटांना ते ढगळ होतात. दोन्ही पिंजऱ्यांची झाकणं काढली. डावा हात आजारी पिंजऱ्यात ठेवला, उजवा निरोगी पिंजऱ्यात. तळवे वर करून, नुसते ठेवले.

आजारी उंदीर एकेक करत आले. हुंगलं. एक तळव्यावर चढला आणि तिथेच बसून तोंड धुवायला लागला.

निरोगी पिंजऱ्यातले पाचही जण लांबच्या कोपऱ्यात गेले. एकमेकांच्या अंगावर चढले, पाय पोटाशी घेतले. पाचांचा मिळून एक गोल गोळा झाला.

मॅडम हलल्या नाहीत.

सौमित्रने घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग त्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग सूक्ष्मदर्शकाकडे. मग परत कोपऱ्याकडे... आणि त्यानंतर घड्याळाकडे पाहायचं विसरला.

“पण मॅडम,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज रडवेला झाला होता, “यांना तर मी काहीच केलेलं नाही!”

“हं,” मॅडम म्हणाल्या.

...

“म्हणजे अकराच्या अकरा चिडलेले... या भीतीमुळे?”

“मला माहीत नाही. तुला माहीत आहे?”

“नाही.”

“मग?”

“मग पुन्हा करून बघावं लागेल!” त्याने टेबलावर हात आपटला. दोन्ही पिंजऱ्यांतले उंदीर दचकले. “आठ महिने, मॅडम! चार वर्षं घातली, आता आणखी आठ महिने. बंगळुरूवाले थांबतील का?”

“नाही थांबणार.”

“तुम्ही हे इतकं शांतपणे कसं सांगू शकता?”

“मी शांत नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “या गटाला कोण कसं हाताळतं, हे मीही कधी खाली जाऊन पाहिलं नाही. मला माझाच राग आलाय.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं वाक्य मी ऐकलं नव्हतं. सौमित्रनेही नसावं.

त्यांनी हातमोजे काढले, पर्समधून पेन काढलं आणि कागदावर ठेवलं.

“यातलं कारण खोड. खरं असेल ते लिही. मी सही करते.”

त्याने पेन उचललं. ‘काप काढताना बिघाड’ एका रेघेने खोडलं. पुढे पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होतो. कागदावर शाईचा एक ठिपका मोठा होत गेला, एवढं मात्र दिसलं.

लिहिलं काहीच नाही त्याने. कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

“काका,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “सुरी चांगली आहे तुमची.”

“माहीत आहे मला.”

मग रागारागाने हातमोजा चढवून त्याने निरोगी पिंजऱ्यात हात घातला, थेट त्या कोपऱ्यात. तो गोळा फुटला, आणि एक जण मोज्यावरूनच कडकडून चावला.

“आई गं!” त्याने हात झटकन बाहेर ओढला.

मी त्याला धरून नळापाशी नेलं. साबण लावून बोट खळखळून धुतलं, पट्टी बांधली. दुखण्यापेक्षा त्याला संतापच जास्त आला होता, असं मला वाटलं. एरवी मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी वाटलं नाही.

“घरी जा आता,” मी म्हणालो.

तो गेला नाही. टेबलाशी येऊन उभा राहिला. पिंजऱ्यावरची लाल चिठ्ठी नखाने खरवडून काढली. ती नीट निघेना, तर थुंकी लावून काढली. नवीन हातमोजा घेतला. स्टूल ओढून बसला आणि या वेळी हात अलीकडच्याच टोकाला ठेवला, मॅडमनी ठेवला होता तसा.

पाच जण पुन्हा कोपऱ्यात गोळा झाले.

टेबलावर त्याचा फोन थरथरला. बंगळुरूचा नंबर होता.

“काका, तो जरा बंद करा.”

मी बंद केला.

वेळ गेला... कोपरा हलला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मॅडमनी पर्स खांद्याला अडकवली. त्यांची साडेपाचची बस असते. त्या दाराशी पोचल्या तेव्हा मागून त्याचा आवाज आला. पुन्हा चिडलेला, पण बराच खालच्या पट्टीतला.

“मॅडम... किती दिवस लागतील हो?”

“मला काय विचारतोस?” मॅडम म्हणाल्या. “त्यांना विचार.”