दिव्याभोवतीचं जाळं

"मग त्याला ठेवू का काढू, तेवढं सांगा उस्ताद."

दस्तगीर उस्ताद फडकी धूत बसले होते. गाड्या रंगवणं आणि चमकवणं त्यांनी कधीच सोडलं होतं, मिरजेतली त्यांची शेड आता रिकामीच असायची, पण फडकी धुण्याची सवय काही सुटली नव्हती. बादलीतलं एक फडकं काढायचं, पिळायचं, उजेडात धरून एखादा कण अडकलाय का बघायचं, मग दोरीवर.

"कुणाला?" उस्तादांनी विचारलं.

"श्रीकांतला. माझ्या भावाला."

"श्रीकांत तुझा भाऊ हाय, हे ठाऊक हाय मला. इथंच शिकला तो पण."

दोघा भावांचं सांगली रस्त्याला गाड्या पॉलिश करायचं दुकान होतं. मशीनवर हणमंतसारखा हात आसपासच्या गावांत दुसरा नव्हता. अडचण एवढीच, की हे त्यालाही ठाऊक होतं. नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

आज सकाळी गिऱ्हाइकांसमोर तो श्रीकांतला म्हणाला होता, उद्यापासून येऊ नकोस. श्रीकांतने खांद्यावरचं फडकं काढून समोरच्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि घरी जाऊन बॅग भरायला घेतली. संध्याकाळच्या बसने तो पुण्याला निघणार होता. आई मात्र रडली नाही की भांडली नाही. हणमंतला म्हणाली, "उस्तादांना विचारून ये. ते काढ म्हणाले तर मी पण काढ म्हणीन."

म्हणून हणमंत आला होता. येताना तीच काळी गाडी घेऊन आला होता, आणि ते फडकंही. पुरावा म्हणून उचललेलं फडकं त्याच्या खांद्यावर होतं.

"नुसतं बोलत न्हाई मी, उस्ताद. डोळ्यांनी बघा."

त्याने गाडी शेडमध्ये घेतली, पत्र्याचं दार खाली ओढून अंधार केला आणि बॅटरीचा दिवा बॉनेटजवळ धरला.

दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक गोल गोल ओरखड्यांचं जाळं उमटलं.

"कोळ्यानं घर केल्यागत दिसतंय. धुळीवरनंच सुकं फडकं फिरवलंय त्यानं. पहिल्या दिवशी तुम्ही काय शिकवलं होतं?"

"तूच सांग."

"आधी पाण्यानं धूळ सोडवायची, मग हात लावायचा. आणि खांद्यावरचं फडकं कधी गाडीला लावायचं न्हाई."

"पाठ हाय की तुझं," उस्ताद म्हणाले. "दिवा जरा उजवीकडं घे."

हणमंतने दिवा उजवीकडे नेला. जाळंही उजवीकडे गेलं.

"आता डावीकडं."

जाळं डावीकडे आलं.

"हे गाडीवर हाय, का तुझ्या दिव्याभोवती?"

हणमंतला मनातून राग आला. आपण कशासाठी आलोय आणि हे काय विचारतायत. "ओरखडे सगळ्या गाडीवर हाईत, उस्ताद. दिवा जिथं धरावा तिथलेच गोल दिसतात, एवढंच."

"हं..."

उत्तर बरोबर होतं. तरी आपण नापास झालो असं हणमंतला उगाच वाटलं.

"काढून दाखव," उस्ताद म्हणाले.

हे मात्र हणमंतच्या आवडीचं काम. त्याने डिकीतून पॉलिशचं मशीन काढलं आणि बॉनेटचा एक कोपरा पाण्याने धुऊन कोरडा केला. स्पंजच्या चाकावर पेस्टचे ठिपके दिले आणि मशीन सुरू केलं. घाई नाही, दाब नाही. चाक पत्र्यावर सपाट ठेवून तो संथपणे आडवं नेत होता, मग उभं. काम करताना त्याचा चेहरा शांत व्हायचा. श्रीकांतवरचा राग, आईचं ते बोलणं, सगळं त्या घरघरीत विरून गेलं. शेवटी उस्तादांच्या दोरीवरचं एक वाळलेलं, स्वच्छ फडकं घेऊन त्याने उरलेली पेस्ट अलगद टिपली.

दिवा धरला. काळ्या रंगात आता फक्त दिवा दिसत होता, विहिरीत दिसावा तसा. आजूबाजूला काही नाही.

उस्ताद वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"वा," ते म्हणाले.

उस्तादांचं 'वा' ऐकायला लोकांनी इथं वर्षं घालवली होती. हणमंतला भरून आलं. आता निकाल आपल्याच बाजूने, असं त्याने मनाशी धरून टाकलं.

तेवढ्यात आढ्यावरचं कबुतर फडफडलं. पत्र्यावरची जुनी धूळ भुरभुरत खाली आली आणि नेमकी त्या कोपऱ्यावर पडली.

हणमंतचा हात खांद्यावर गेला. त्याने फडकं ओढलं आणि लेकराचं तोंड पुसावं तसं दोनदा गोल फिरवलं. धूळ गेली. फडकं परत खांद्यावर टाकून तो उस्तादांच्या निकालाची वाट बघत उभा राहिला.

उस्तादांनी दिव्यासाठी हात पुढे केला.

हणमंतने दिवा दिला. उस्तादांनी तो त्या कोपऱ्यावर धरला.

दिव्याभोवती पुन्हा गोल दिसले. बारीक आणि अगदी ताजे.

"हे..." हणमंत म्हणाला. "हे तर आत्ता..."

त्याने खांद्यावरचं फडकं हातात घेतलं आणि त्याच्याकडे बघत राहिला. दोरीवरून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

मग त्याने एकदम मशीन उचललं. "थांबा, काढतो. एक हात फिरवला की जाईल."

उस्तादांनी स्पंजच्या चाकावर तळवा ठेवला.

"जाईल की. रंगाच्या वरचा चकाकीचा थर केवढा असतो रं?"

"कागदाएवढा. त्याहून कमीच."

"आणि घासून घासून तो संपला की?"

"खालचा रंग लागतो."

"आणि मग?"

"...मग पत्रा."

उस्तादांनी हात काढून घेतला. हणमंतने मशीन खाली ठेवलं आणि तो तिथंच दुसऱ्या एका पालथ्या बादलीवर बसला. सकाळी श्रीकांतने फडकं कसं ठेवलं होतं ते त्याला आता आठवलं. फेकलं नव्हतं, नीट घडी करून ठेवलं होतं.

"तुझं काम दिवा धरून कोण बघतं?" उस्तादांनी विचारलं.

"माझं?" हणमंत हसायला गेला, पण हसू आलं नाही. "पूर्वी श्रीकांत बघायचा. इथं शिकत होतो तेव्हा. मग मीच म्हणालो, माझं काय बघायचंय..."

उस्ताद पुन्हा बादलीपाशी जाऊन बसले. एक फडकं पिळून त्यांनी दिव्याच्या उजेडात धरलं.

"बस कधीची हाय त्याची?"

"संध्याकाळची."

"मग बसलायस कशाला?"

हणमंत उठला. दार वर सरकवलं, मशीन डिकीत ठेवलं. गाडीत बसायला दार उघडलं आणि तसाच थबकला. एवढं सगळं बोलून गेल्यावर आता कोणत्या तोंडाने घरात शिरायचं, ते त्याला कळेना.

"उस्ताद... त्याला काय सांगू?"

उस्तादांनी उठून दिवा विझवला, धोतराला पुसला आणि गाडीच्या खिडकीतून शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला.

"सांगू नको काई. दिवा त्याच्या हातात दे."