हौसाची वाट

पाणजाईच्या तळ्याभोवतीची वाट साडेतीन मैलांची आहे, आणि एवढ्या अंतरात पाऊल अडखळेल असा एकही दगड नाही. चहूकडे डोंगर उभे, पश्चिमेला शेंडोबाचा सुळका, खाली पाणी, आणि मधून ही वाट अंगणातल्यासारखी सपाट. शहरातून आलेले पाहुणे जाड बुटांच्या नाड्या आवळून येतात आणि इथे सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या अनवाणी त्यांच्या पुढे निघून जातात. मग पाहुणे विचारतात, बाबा, एवढ्या अवघड डोंगरात एवढी सोपी वाट कुणी केली? मोहवाडीचे लहानूबाबा गेली चाळीस वर्षे पाहुण्यांना वाट दाखवतात. ते म्हणतात, ही वाट पुण्याईनं झाली नाही, जळफळाटानं झाली.

फार पूर्वी इथे वाट म्हणावी असे काही नव्हतेच. धोंडे, मुळ्या आणि शेवाळ, त्यातून शेरडे जात तशी माणसे जात. चैत्रात मात्र त्याच वाटेने देवीची घागर निघे. गावातल्या एका घराकडे तिचा मान होता. त्या घरच्या सुनेने तळ्याचे पाणी काठोकाठ भरून घ्यायचे, तळ्याला पुरता वेढा घालायचा आणि देवीच्या शिळेवर ओतायचे, तेव्हा कुठे आषाढात पाऊस पडे असे सांगतात. नेमही कडक होते. घागर डोक्यावर चढली की तोंडातून शब्द काढायचा नाही. खाली पायांकडे पाहायचे नाही, नजर डोंगरमाथ्यावर ठेवायची. मागून घरातली दुसरी बाई पहिलीच्या पदराचे टोक धरून चाले, आणि तिने पुढचीच्या पावलात पाऊल टाकायचे.

त्या घरची थोरली सून हौसा. अकरा वर्षे घागर तिच्याच डोक्यावर होती. नवरा, दोन जाणते मुलगे, गोठाभर गुरे, काही कमी नव्हते. पण वर्षातला तो एक दिवस असा असे की सासूसुद्धा तिच्यापुढे वाकून तिच्या पायांवर पाणी घाली. उरलेले वर्ष हौसा त्या दिवसावर काढत होती.

मग धाकट्या दिराचे लग्न झाले आणि राही घरात आली. राही खालच्या देशावरची, कोरड्या गावातली. पाणी कोसावरून आणायचे, त्यामुळे लहानपणापासून तिच्या मानेला घागरीची सवय. ती पाणवठ्यावरून निघाली की दोन्ही हात मोकळे, डोक्यावर दोन घागरी, आणि चालता चालता वाटेतली करवंदे तोडून खात येई. बाया काम सोडून बघत राहत. सासू तर म्हणालीच, "चाल बघा पोरीची. घागर जणू डोक्यावरच उगवलीय."

हे हौसाने चुलीपाशी बसून ऐकले, आणि तव्यावरची भाकरी करपली. अकरा वर्षांत सासू तिला असे एकदाही म्हणाली नव्हती. अरुंद कड्याजवळ दरवर्षी तिचा एक हात नकळत घागरीला लागे. आजवर कुणी त्याबद्दल बोलले नव्हते. आता मात्र बायांना ते आठवू लागले, आणि आठवून त्या हसू लागल्या.

त्या दिवसापासून राहीचे सगळेच तिच्या डोळ्यांत खुपू लागले. राहीने सारवले की हौसा त्यावर पुन्हा सारवी. राहीने कालवण केले की हिला त्यात मीठ कमी लागे. राही मात्र भोळी. "बाई, तुमी शिकवा की," म्हणत ती मागे मागे फिरे, आणि त्याने तर हौसाच्या अंगाची आणखीच लाही होई. भांडायला येणारीशी भांडता येते, पण पाया पडणारीचे काय करायचे?

फाल्गुनात सासूने सगळ्यांसमोर सांगून टाकले, "यंदा घागर धाकटी नेईल. थोरलीनं पदर धरावा."

हौसा "बरं" म्हणाली. पदर धरायचा! जिच्या मागे अकरा वर्षे घर चालले, तिने आता कालच्या पोरीच्या टाचांकडे बघत चालायचे!

घागर निघायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी गाव सावलीला पडले असताना ती खुरपे घेऊन कड्यापाशी गेली. तिथे वाट हातभर रुंद होती. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली तळ्याचे खडक. मधोमध एक चपटा दगड होता आणि त्याच्यावर पाय दिल्याशिवाय सहसा पुढे जाता येत नसे. हौसाने त्याच्याखालची माती उकरून काढली. दगड जागेवर होता तसाच दिसत होता, फक्त आता तो कुणाचे वजन झेलणार नव्हता. पोरीचा तोल जाईल, घागर फुटेल, सगळा गाव बघेल, एवढेच तिच्या मनात होते असे म्हणतात. कड्याखालचे खडक तिने त्या दिवशी पाहिलेच नाहीत. मत्सराला तेवढेच दिसते जेवढे त्याला पाहायचे असते.

सकाळी तळ्याच्या घाटावर डफ वाजू लागले. राहीने हिरवे लुगडे नेसले होते. घागर भरली, गुरवाने हळदीकुंकू लावले. आणि राहीने डोक्यावरची चुंबळ काढून हौसाच्या डोक्यावर ठेवली.

"बाई, घागर तुमीच न्या," ती कानाशी लागून म्हणाली. "पोटुशी बाईनं देवीची घागर उचलू नये म्हन्त्यात. अजून घरात कुनाला बोलले न्हाई. पयलं तुमालाच सांगते."

हौसा काही बोलायच्या आत, मुहूर्त टळू नये म्हणून, सासूने घागर तिच्या डोक्यावर चढवली. शब्द बंद झाला.

खरे सांगायचे तर पहिला कोसभर हौसाला फक्त आनंद होता. मान परत आला! देवीनेच परत दिला! डफ वाजत होते, नजर शेंडोबाच्या सुळक्यावर होती, आणि अकरा वर्षांत कधी चालली नव्हती इतकी ती ताठ चालत होती. हात घागरीला लावायचा नाही, दाखवूनच द्यायचे, असे तिने ठरवले होते.

कडा जवळ आला तशी तिला दगडाची आठवण झाली. पण तो सैल आहे हे जगात तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हते. एक ढांग लांब टाकली की झाले. पुढच्या कातळाच्या कंगोऱ्यावर पाय पोचला असता, घागर हलली नसती, आणि वर्षानुवर्षे बाया म्हणाल्या असत्या की हौसासारखी हौसाच.

ढांग टाकायला तिने पाय उचलला, आणि मागून पदराला ओढ बसली.

राही पदर धरून मागेच होती, पावलात पाऊल टाकत. तिचीही नजर डोंगरावर होती. तिच्या आखूड पायांना ती लांब ढांग झेपणार नव्हती. ती नेमाने त्या दगडावर पाय देणार होती, पोटातल्या जिवासकट.

हौसाने पाय मागे घेतला. डफ थांबले. ती तशीच उभी राहिली. बोलले तर व्रत मोडते, खाली बघितले तर मोडते. लहानूबाबा इथे नेहमी थांबतात आणि म्हणतात, तिचा जीव त्या वेळी घागरीतच होता, आणि तो सांडायचा की नाही हे तिला एकटीलाच ठरवायचे होते.

तिने दोन्ही हातांनी घागर उतरवली आणि पाणी कातळावर ओतून दिले. बाया किंचाळल्या. गुरव धावत आला. हौसा खाली बसली, तिने दोन बोटांनी दगड ढकलला, आणि तो गडगडत खाली जाऊन खडकांवर फुटला. सगळ्यांनी तो आवाज ऐकला.

"ह्यो म्या हालवला व्हता," ती म्हणाली. "हिच्यासाठी."

सासूने तोंडाला पदर लावला. राही मात्र पोटावर हात ठेवून खालच्या खडकांकडे बघत होती, मग हळूच हौसाशेजारी बसली. तिने पदराचे टोक अजून सोडले नव्हते.

देवीला कौल लावला. कौल आला म्हणे, की जिने दगड हलवला तिनेच तो बसवावा. हौसाने तिथे नवा दगड बसवला, वर उभी राहून तीनदा उड्या मारून पाहिल्या. त्या वर्षी पाऊस पंधरा दिवस उशिरा आला, पण आला.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण मत्सर म्हणजे काही काटा नव्हे, काढला की गेला असा. राहीला मुलगी झाली, राही दोन घागरी घेऊन पुन्हा तशीच चालू लागली, बाया पुन्हा बघत राहिल्या, आणि हौसाच्या छातीत पुन्हा कळ उठू लागली. पण आता तिला त्यावर औषध सापडले होते. कळ उठली की ती पहार घेऊन तळ्यावर जाई आणि एक दगड बसवी. कधी दिवसाला एक, कधी चार. राही मुलीला कडेवर घेऊन तिची भाकरी तिथेच आणून देई. "आज किती?" ती विचारी. "तू आज लई नटलीस, म्हनून पाच," हौसा म्हणे, आणि दोघी हसत. अशी तेवीस वर्षे गेली आणि तळ्याचा वेढा पुरा झाला. पायांकडे न बघता, डोंगर पाहत चालता येईल अशी वाट या मुलुखात दुसरी नाही.

आजही चैत्रात घागर निघते. थोरली सून ती कड्यापर्यंत नेते आणि तिथे कातळावर रिकामी करते. मग धाकटी तळ्यातून ती पुन्हा भरते आणि पुढची वाट तिची असते. आणि आजही त्या चपट्या दगडापाशी आले की, गावकरी असो की पाहुणा, पुढचा माणूस आधी पाय दाबून दगड पाहतो, मागे वळतो आणि मागच्याला सांगतो, "घट्ट हाय. ये."