कुलूप लावण्याआधी

"...मग आशीर्वाद द्यायला अडचण काय आहे, बुवा?"

ओजस टेंभेकर मांडी घालून बसला होता, पण मांडी ठरत नव्हती.

गावोगावच्या ग्रंथालयांसाठी त्याने एक सॉफ्टवेअर केलं होतं. उघडं. म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, आतला कोड वाचावा, दुरुस्त करावा, पुढे द्यावा. आता एक कंपनी त्यात पाच कोटी घालणार होती. अट एकच. उघड्याला कुलूप लावायचं, म्हणजे कोड कंपनीचा आणि वापरायला पैसे.

"आज चारला सही. उद्या पेपरात फोटो."

"छान," मठाचे केरोबुवा म्हणाले. "सगळं तूच लिहिलंस?"

"कल्पना माझी. लोकांनी थोडी मदत केली."

"थोडी..."

पंगत बसली होती. मठाची रीत अशी, की ज्यांच्याकडून शिधा आला त्यांची नावं वाचल्याशिवाय घास उचलायचा नाही. एरवी सात-आठ नावं असतात. भूक आणि भक्ती, दोन्ही टिकतात.

"आज तुझी यादी वाच."

ओजसने लॅपटॉप उघडला. कोडच्या प्रत्येक ओळीसमोर ती लिहिणाऱ्याचं नाव होतं.

"शबाना मुजावर, मिरज. जोडाक्षरं तुटायची, तिने सांधली. पेद्रो, ब्राझील. याला मराठी येत नाही, तरी... आणि हे बघा, वसमतचे भालेराव गुरुजी. पुस्तक शोधायला दोन मिनिटं लागायची, यांनी दोन सेकंदांवर आणलं. मोतीबिंदू काढल्यावर आठव्या दिवशी! मी महिनाभर डोकं आपटत होतो, बुवा."

तो उभा राहिला. नावामागून नाव, आवाज चढत गेला. चारला सही आहे हे तो विसरला. वरण निवलं. पंगत एकाग्र होती, भाकरीवर.

"किती झाली?"

"शंभर. एकूण चारशे बारा आहेत."

"तुझं आलं?"

"येतं की... मधेमधे."

फोन वाजला. ओजस भानावर आला. फोन उचलून ऐकला आणि हाताने झाकला.

"कंपनीवाले. निघालास का, विचारतायत. काय सांगू?"

बुवांनी भाकरीवरची माशी हाकलली.

"सांग, चारशे बारा जण निघालोय. खुर्च्या आहेत का, विचार."